जैवकोळसा (बायोचार) : शेतीतील वापर व हरितगृह वायू

लाकूड, पिकांचे अवशेष, तूस, शेण इत्यादी जैव पदार्थ अत्यल्प हवेत सुमारे ३५० ते ७०० अंश सेल्सियस तापमानास तापवून मिळणारा आणि इंधनाऐवजी जमिनीत मिसळण्यासाठी तयार केलेला कर्बयुक्त घन पदार्थ. वनस्पतींनी हवेतून घेतलेला कर्ब कुजून किंवा जळून लवकरच हवेत परततो. कोळशाच्या रूपात मात्र त्याचा बराच भाग शतकानुशतके जमिनीत राहतो. या पद्धतीचे हवामानविषयक महत्त्व मुख्यतः याच गुणधर्मावर अवलंबून आहे.

या पद्धतीचे मूळ सामान्यतः ॲमेझॉन खोऱ्यातील ‘तेरा प्रेता’ या काळ्या मातीत शोधले जाते. चार्ल्स हार्ट, हर्बर्ट स्मिथ आदी संशोधकांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिची वर्णने केली आणि विम सोमब्रूक यांच्या १९६६ मधील अभ्यासाने तिच्याकडे मृदाशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. ज्वालामुखीची राख किंवा आटलेल्या तळ्यांतील गाळ यांपासून ही माती बनली असावी, अशी मते पूर्वी मांडली गेली होती. परंतु तिच्यात सापडणारी खापरे व हाडे, तसेच फॉस्फरस व कॅल्शियम यांचे मोठे प्रमाण पाहता ती मानवी वस्तीतून निर्माण झाली, हे मत आता बहुतेकांना मान्य आहे. बहुसंख्य स्थळे सुमारे २,५०० ते ५०० वर्षांपूर्वीची मानली जातात, तर ॲमेझॉनची उपनदी असलेल्या मादेइरा नदीच्या वरच्या भागातील काही थर त्याहून बरेच जुने असावेत. काही संशोधकांनी २०२१ मध्ये या मातीतील पोषकद्रव्ये वस्तीपूर्वीच्या नदीगाळातून आली असल्याचे प्रतिपादन केले, परंतु पुरातत्त्वज्ञांनी त्यावर सविस्तर आक्षेप घेतले. ही माती हेतुपुरस्सर तयार केली गेली की उकिरड्यांतून आपोआप बनली, हा वाद वेगळा आहे. शिंगू नदीच्या वरच्या खोऱ्यातील कुइकुरो समाज राख, कोळसा व कचरा जाणीवपूर्वक जमिनीत घालतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यामुळे आधी नकळत घडलेली गोष्ट पुढे समजून-उमजून केली गेली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. या मातीची सुपीकता एकट्या कोळशाची नाही, कारण तीत हाडे, विष्ठा व अन्नाचे अवशेषही आहेत. कोळशातील कर्ब दीर्घकाळ टिकतो, याचा मात्र ती भक्कम पुरावा आहे.

हा टिकाऊपणा कर्बाच्या एकमेकांत गुंतलेल्या वलयाकार रेणुरचनेमुळे येतो, कारण सूक्ष्मजीवांना ती सहज फोडता येत नाही. हायड्रोजन व सेंद्रिय कर्ब यांच्या अणूंचे गुणोत्तर ०.७ पेक्षा कमी असावे, असा निकष प्रचलित आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) २०१९ मधील सुधारित मार्गदर्शनानुसार १०० वर्षांनंतर शिल्लक राहणाऱ्या कर्बाचे प्रमाण ३५० ते ४५० अंशांना ६५ टक्के, ४५० ते ६०० अंशांना ८० टक्के आणि त्याहून अधिक तापमानास ८९ टक्के धरले जाते. म्हणजे ५०० अंशांना तयार केलेल्या, ७५ टक्के कर्ब असलेल्या एक टन जैवकोळशातील ६०० किलो कर्ब शतकानंतरही जमिनीत असेल. तो सुमारे २.२ टन कार्बन डाय-ऑक्साइडइतका होतो. यातून भट्टी, वाहतूक व दळणे यांमुळे झालेले उत्सर्जन वजा करावे लागते. तोच काडीकचरा एरवी जाळला, कुजवला की इंधन म्हणून वापरला गेला असता, यावरही खरा लाभ ठरतो. हा भाग हिशेबातून वगळला की आकडे फुगतात.

जमिनीतील नायट्रोजनयुक्त संयुगांपासून बनणाऱ्या नायट्रस ऑक्साइड या हरितगृह वायूवरील परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. शंभर वर्षांच्या कालावधीत हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवर्धक ठरतो. कोळशामुळे आम्लयुक्त जमिनीचा सामू (पीएच) वाढून विनायट्रीकरणाची (सूक्ष्मजीवांकडून नायट्रेटचे टप्प्याटप्प्याने वायूंत होणाऱ्या रूपांतराची) शेवटची पायरी पूर्ण होते आणि वायू निरुपद्रवी नायट्रोजनच्या रूपात बाहेर पडतो, असे एक स्पष्टीकरण आहे. कोळसा नायट्रेट धरून ठेवतो, हे दुसरे. प्रयोगांच्या २०१४ मधील एकत्रित विश्लेषणात सरासरी ५४ टक्के घट आढळली. परंतु त्यांतील बरेच प्रयोग अल्पकालीन व प्रयोगशाळेतील होते. शेतातील घट सहसा कमी असते. म्हणून कर्बसंचय हाच मुख्य लाभ आणि नायट्रस ऑक्साइडमधील घट ही जोड मानणे योग्य ठरते. पाणी साचलेल्या भातखाचरांतील मिथेन काही ठिकाणी घटतो, काही ठिकाणी नाही.

उत्पादनवाढ उष्ण प्रदेशातील आम्लयुक्त, निकस जमिनींत सरासरी सुमारे २५ टक्के आढळते. समशीतोष्ण प्रदेशांत ती जवळजवळ दिसत नाही.

अन्नसुरक्षा, अधिवास व मृदा यांना धक्का न लावता जगभर ही पद्धत कमाल प्रमाणात वापरल्यास वर्षाला १.८ अब्ज टन कार्बन डाय-ऑक्साइड-कर्ब-समतुल्य (वायूच्या नव्हे, तर त्यातील कर्बाच्या वजनात मोजलेले), म्हणजे तत्कालीन मानवी उत्सर्जनाच्या सुमारे १२ टक्के, इतकी घट साधता येईल, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. तो केवळ तांत्रिक शक्यतेचा आहे.

भट्टी नीट चालवली नाही, विशेषतः ओला माल भरला, तर धुराबरोबर मिथेन निघून लाभाचा काही भाग वाया जातो. त्यामुळे माल आधी वाळवणे व निघणारे वायू भट्टीतच जाळणे आवश्यक असते. पूड कोरडी पसरल्यास वाऱ्याने उडते व हवेतील तिचे काळे कण ऊन शोषून तापमानात भर घालतात. म्हणून ती ओलवून, शेणखत किंवा कंपोस्टमध्ये मुरवून मातीत मिसळतात.