सचित्र गोष्टींचं पुस्तक म्हणजे चित्रपुस्तक नव्हे

पोर ऐकत नाही, चार चांगल्या सवयी लागाव्यात म्हणून चित्रांचं पुस्तक सुचवा, असं कुणी विचारलं की दर वेळी तात्पर्यवालं जाडजूड गोष्टींचं पुस्तकच सुचवलं जातं. अहो, ती दोन वेगळी पुस्तकं आहेत!

सचित्र गोष्टी आपण सगळे वाचूनच मोठे झालोय. ससा-कासव, लाकूडतोड्या, बाजूला एक चित्र, खाली ठळक अक्षरात तात्पर्य. चित्रपुस्तक पातळ असतं, १६, २४ नाहीतर ३२ पानं, कारण छापताना मोठ्या कागदाच्या घड्यांतून पानं आठाच्या पटीत पडतात. पण जाडी, किंमत, पुठ्ठ्याची पानं की साधी, यात डोकं घालू नका.

खरा घोळ एकाच जागी होतो. सचित्र गोष्टीत चित्र शब्दांचीच री ओढतं, झाकलं तरी गोष्ट पूर्ण कळते. चित्रपुस्तकात अर्धी गोष्ट शब्दांत, अर्धी चित्रात, आणि कधीकधी दोन्ही एकमेकांच्या चक्क उलट. समजा पानावर एकच ओळ आहे, "नैवेद्य दाखवेपर्यंत नेवऱ्यांना कुणीच हात लावला नाही." (नेवऱ्या म्हणजे करंज्या.) आणि चित्रात माटोळीखाली, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीखाली, आजीसकट सगळे हात जोडून आरतीला उभे, फक्त धाकट्याचा खिसा फुगलेला आणि पायाशी मांजर चुरा चाटतंय. आता हे पान कळायला पोराला ती ओळ नीट ऐकावीच लागते, लक्षात धरून चित्रात शोधावं लागतं, ज्यानं ऐकलंच नाही त्याला फुगलेला खिसा दिसला तरी त्यातली गंमत कळत नाही. ऐकायची सवय लागते ती अशी. "शहाणी मुलं मोठ्यांचं ऐकतात" हे वाक्य कितीही मोठ्यानं वाचा, पोरं पान उलटायची वाट बघत बसतात.

वागण्याबोलण्याचंही तेच. न विचारता घेऊ नये हे पुस्तक सांगत नाही, पोर स्वतःच त्या धाकट्याला पकडतं आणि मग तो आजीकडे का बघत नाहीये यावर तुमच्याशी आपणहून बोलतं.

म्हणून पुस्तक मिटायच्या आत "मग काय शिकलास?" हे विचारणं मला अजिबात खपत नाही. "इथे काय चाललंय?" विचारा आणि गप्प बसा. १९८८ साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी आईवडिलांना असेच मोकळे प्रश्न विचारत चित्रपुस्तकं वाचायला शिकवलं, तर महिन्याभरात ती पोरं नेहमीसारखं वाचून दाखवलेल्या पोरांपेक्षा बोलण्यात पुढे गेली.

आणि मधेच पोर ओरडलं, "पळय पळय, ताच्या बोल्सांत!" (बघ बघ, त्याच्या खिशात!) तर "मधे बोलू नको" नको आणि "मराठीत सांग" तर मुळीच नको. आपल्याकडे गोव्यात कितीतरी घरांत कोंकणी आणि शाळेत मराठी, त्यानं मराठी ओळ ऐकली, समजून घेतली आणि घरच्या भाषेत उत्तर दिलं, याहून जास्त ऐकणं ते काय असतं?

विकत घेण्याआधी पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांच्या विभागात जा, कुठलंही पान उघडून चित्रावर हात ठेवा आणि वाचा. काहीच अडलं नाही तर ते पुस्तक परत शेल्फात ठेवून पुढचं काढा.