विंग असलेली की नसलेली? जुन्या सिंगल-सीटर मॉडेलचं साल कसं ओळखावं

आमच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात लोटस ४९ या फॉर्म्युला वन शर्यतीच्या एकाच आसनाच्या गाडीची (सिंगल-सीटर) दोन छोटी मॉडेलं शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकीला मागे उंच विंग, म्हणजे हवेच्या दाबाने गाडी रस्त्याला दाबून धरणारा पंख आहे, दुसरीला काहीच नाही. 'हिची विंग तुटलीय का?' असं बरेच ग्राहक विचारतात. तुटलेली नाही. पहिली १९६८-६९ची आहे, दुसरी १९६७ची. मॉडेल घेताना साल बघून घ्यावं, नाहीतर पुढे संग्रहात ते खटकत राहतं. त्यासाठीच हे पत्रक.

आधी इंजिन कुठे आहे ते बघा

लांबलचक बॉनेट, मागच्या चाकांजवळ ताठ बसलेला चालक आणि त्याच्या हातात भलंमोठं स्टीअरिंग दिसलं, तर गाडी बहुधा १९६०च्या आधीची. मर्सिडीज डब्ल्यू १९६ आणि मासेराती २५०एफ या दोन्ही १९५४ साली आलेल्या गाड्या अशाच आहेत. इंजिन पुढे आणि ताकद हवी मागच्या चाकांना, म्हणजे मधला शाफ्ट चालकाच्या खालून नाहीतर बाजूने न्यावाच लागे. मग चालक उंच बसणार आणि जास्त वारा अडवणार.

मर्सिडीजचं एक मॉडेल चाकं झाकलेलं येतं. ते चुकीचं नाही. १९५४मध्ये फ्रान्समधल्या रांसच्या सरळसोट रस्त्यांवर अर्जेंटिनाचा चालक फान्जिओ त्याच गाडीने जिंकला. पुढे इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला मात्र चाकं दिसेनात, वळणांवर ठेवलेल्या पिंपांना गाडी घासली आणि त्यानंतर उघड्या चाकांची बॉडी आली.

इंजिन मागे नेण्याचं श्रेय सहसा इंग्लंडमधल्या कूपर बापलेकांना दिलं जातं. खरं तर ऑटो युनियन या जर्मन कंपनीने १९३०च्या दशकातच सोळा सिलिंडरचं इंजिन चालकाच्या मागे बसवलं होतं, पण ती गाडी आवरणं फार थोड्यांना जमलं. कूपर यांची सुरुवात ५०० सीसीच्या मोटारसायकल इंजिनापासून झाली. साखळीने मागची चाकं फिरवायची तर इंजिन मागे असलेलं सोयीचं, एवढाच त्यामागे हिशेब. पण त्यामुळे गाडी हलकी आणि बुटकी झाली. १९५८मध्ये अर्जेंटिनात ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस कूपर घेऊन जिंकला, आणि १९५९ व १९६० या दोन्ही वर्षी जॅक ब्रॅबम कूपरमधूनच जगज्जेता झाला. इंजिन पुढच्या बाजूला असलेल्या गाडीचा ग्रां प्रीतला, म्हणजे या मोठ्या शर्यतींतला, शेवटचा विजय १९६०च्या इटलीतल्या मॉन्झाचा, फेरारीचा. त्या शर्यतीवर ब्रिटिश संघांनी बहिष्कार टाकला होता, हेही ध्यानात असू द्या.

फेरारी १५६, म्हणजे १९६१ची ती 'शार्कनोज', आमच्याकडे सतत मागितली जाते. मूळ गाड्या कारखान्यानेच मोडीत काढल्या; आज कुठे दिसते ती नंतर बनवलेली प्रतिकृती. दोन कंपन्यांच्या मॉडेलांत नाकाचा आकार थोडा वेगळा वाटला तर त्यामुळे गोंधळू नका.

मग चालक कसा बसलाय ते बघा

आमच्या मते सगळ्यांत देखण्या गाड्या १९६२ ते १९६७मधल्या. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनने १९६२च्या लोटस २५मध्ये नळ्यांचा सांगाडा काढून टाकला आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांची एकसंध पेटी केली. तिलाच मोनोकॉक म्हणतात. इंधनाच्या टाक्या दोन्ही कडांच्या पोकळीत गेल्या, चालक जवळजवळ आडवा झाला आणि गाडी सिगारसारखी निमुळती झाली. गंमत म्हणजे त्याच वर्षी इतर संघांनी लोटसकडून नळ्यांचीच लोटस २४ विकत घेतली होती. नवी गाडी बघून त्यांना काय वाटलं असेल! १९६३मध्ये लोटसचा चालक जिम क्लार्कने लोटस २५मधून सात ग्रां प्री जिंकल्या.

लोटस ४९मध्ये कॉसवर्थचं डीएफव्ही इंजिन थेट पेटीच्या पाठीला बोल्टांनी जोडलं, आणि मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सवरच पेललं. इंजिन हाच सांगाड्याचा मागचा भाग झाला. जून १९६७मध्ये नेदरलँड्समधल्या झांडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत क्लार्क जिंकला. मॉडेलचं मागचं झाकण निघत असेल तर हे बोल्ट जरूर पाहा. मूळ गाडीच्या एक अष्टमांश मापात (१:८) ते छान दिसतात.

विंग, रंग आणि बाकीचं

१९६८ साली बेल्जियममध्ये फेरारी आणि ब्रॅबम विंग लावून आल्या. वर्षभरात त्या उंच काठ्यांवर चढल्या. १९६९मध्ये बार्सिलोनाच्या मोंजुइक रस्त्यावर लोटसच्या दोन्ही गाड्यांच्या विंग मोडून अपघात झाले, आणि पुढच्याच मोनॅको शर्यतीच्या सरावादरम्यान उंच विंगवर बंदी आली. तेव्हा १९६७च्या गाडीला विंग लावून द्या अशी मागणी कृपया करू नका. लावून देता येईल, पण आम्ही देत नाही.

लोटस ७२ (१९७०) पाचरीच्या आकाराची आहे, कारण रेडिएटर नाकातून निघून बाजूंना गेले. तिच्या काळ्या-सोनेरी मॉडेलांवर सिगारेट कंपनीचं नाव बहुतेकदा छापलेलं नसतं. तंबाखूच्या जाहिरातींवरील निर्बंधांमुळे उत्पादक ते गाळतात. माल अस्सलच असतो.

सहा चाकांची टायरेल पी३४ खेळणं वाटते, पण १९७६मध्ये स्वीडनला तिने पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक मिळवले. पुढची चाकं १० इंची. १:४३ मॉडेलमध्ये ती रिम जेमतेम ६ मिलिमीटरची होते. लहान मुलांसाठी हे मॉडेल घेऊ नका.

१९७८च्या लोटस ७९मध्ये जमिनीलगतच्या 'स्कर्ट' पट्ट्या, म्हणजे गाडीखाली बाजूने हवा शिरू न देणाऱ्या कडा, दिसतील. १९८१च्या मॅक्लारेनपासून कार्बन फायबरच्या पेट्या सुरू होतात. त्यापुढचा माल आम्ही ठेवत नाही.

उंच विंगचं मॉडेल डब्यातून काढताना तळाला धरून उचला. विंगला धरून उचलल्याने तुटली तर ती बदलून मिळत नाही. दुरुस्ती मात्र करून देऊ, तुटलेला तुकडा सोबत आणा.