वाकळ, वाळवण आणि शेजारणी

सध्या शहरांत क्विल्टिंगची, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून गोधडीसारखं पांघरूण शिवण्याची, हौस बरीच वाढलेली दिसते. कोरं सुती कापड विकत आणायचं, चकतीच्या कटरनं मोजून त्याचे चौकोन कापायचे आणि तेच पुन्हा एकमेकांना जोडायचे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, प्रत्येकीनं घरून एकेक पदार्थ करून आणायचा. यात रमलेल्या बायकांशी बोलायला बसलं की त्या कापडाविषयी थोडं आणि मैत्रिणींविषयी भरपूर बोलतात. माझ्या आजीला हे सांगितलं असतं, तर चांगलं कापड फाडून परत शिवण्यामागचं कारण तिला काही केल्या पटलं नसतं. डबे घेऊन जमायचं मात्र तिला लगेच कळलं असतं. तिच्या गावात तेच चालायचं, फक्त त्याला हौस म्हणायची कुणाला सवड नव्हती.

आपल्याकडे या वस्तूला प्रदेशागणिक नाव आहे. बऱ्याच ठिकाणी गोधडी. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे वाकळ. कानडी मुलखाला लागून गेलं की कौदी. चार पदरांची चौघडी, तान्ह्याचं ते दुपटं. संस्कृतात कंथा, म्हणजे चिंध्या जोडून केलेलं पांघरूण किंवा वस्त्र; भिक्षू आणि बैरागी ते अंगावर घेत. बंगालमधल्या कांथाचं नाव याच शब्दाशी जोडलं जातं. महाराष्ट्रात विरक्तीची ही खूण गाडगेबाबांनी विसाव्या शतकापर्यंत आणली. डेबुजी जानोरकर हे त्यांचं मूळ नाव. त्यांनी 1905 साली घर सोडलं आणि पुढे आयुष्यभर चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर वागवलं. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत ते उगीच नाही.

पण बाबांची गोधडी एकट्याची. घरातल्या गोधडीला एकटीचे हात पुरत नाहीत, आणि तिची सगळी गोष्ट मला तिथेच सुरू झालेली दिसते.

एक वाकळ कशी होते ते जवळून सांगतो. रब्बीची सुगी उरकून पाऊस पडेपर्यंतचे दिवस तिचे. वर्षभर बोचक्यात साठवलेलं जुनेर बाहेर निघतं: विरलेलं लुगडं, धोतर, बाह्या फाटलेले सदरे, पोरांच्या चड्ड्या. शिवण उसवायची, बटणं काढून डबीत टाकायची, जाड काठ वेगळे ठेवायचे. सारवलेल्या सोप्यात पहिलं लुगडं ताणून अंथरतात आणि कोपऱ्यांवर तांबे, विटा, हाताला लागेल ते वजन ठेवतात. त्यावर तुकडे असे मांडायचे की कुठे उंचवटा नको आणि खड्डाही नको. हे मांडणंच खरं कौशल्याचं, शिवण नंतरची. वरून दुसरं लुगडं पसरलं की लांब लांब कच्चे टाके घालायचे. मग चौघी चार बाजूंना बसतात आणि कडेकडून आत धावदोरा घालत येतात, दोन ओळींत बोटभर अंतर ठेवून. एकीनं दोरा जास्त ओढला तर दुसरीच्या बाजूला फुगा येतो. तेव्हा शिवता शिवता एकमेकींच्या हाताकडे लक्ष ठेवावंच लागतं. चौघींचे टाके कधीच सारखे नसतात. आमच्या घरच्या वाकळेत एक बाजू तिरक्या, घाईच्या टाक्यांची होती. ती शेजारच्या काकूंची, हे आजी अंधारात हात फिरवूनही सांगायची.

याच दिवसांत वाळवणं असायची. कुरडया, पापड, सांडगे, शेवया, सगळं उन्हाच्या भरवशावर आणि सगळ्याला चार हात हवेत. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा. एकटीनं करायला गेलं की चीक गार होतो आणि सोऱ्या फिरत नाही. शेतीत बैलांची आणि माणसांची सावड असते, आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. बायकांनी हीच सावड सोप्यात आणली. आजी आणि काकूंचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं:

“वैनी, उद्या येतीस न्हवं? वाकळ पसरायची हाय.”

“येते की. पर परवा माझ्या शेवया हायत, ध्यानात ठेव.”

पैशाचा विषय नसे. जिची वाकळ तिचं खाणं, हा नियम मात्र कडक. सकाळी गुळाचा चहा, दुपारी भाकरी-पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी, तीन-चार वाजता टाके जड व्हायला लागले की भडंग. कुरडईच्या दिवशी वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून. कुणाच्या पिठल्यात गुठळ्या होतात आणि कुणाचं भडंग आदल्या दिवसाचं असतं, हे गावाला बहुधा अशाच बैठकांतून कळत असावं. सासूबद्दल, माहेराबद्दल, नवऱ्याच्या पिण्याबद्दल जे बोलायचं ते मान खाली घालून बोलता यायचं, कारण नजर टाक्यावर असायची. जात्यावरच्या ओव्यांत ‘शेजी’ वारंवार येते. हेमा राईरकर आणि गी पॉईतवाँ या अभ्यासकांनी पुढाकार घेऊन जमवलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत बाईनं जिच्यापाशी मन मोकळं केलं, ती कितीदा ही शेजारीणच आहे. जातं पहाटेचं, एकटीचं नाहीतर दोघींचं. वाकळ दुपारची आणि चौघींची.

आणखी एक काम होतं जे एकीला जमतच नाही. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुवायचं, याला खेड्यात ‘दसरा काढणं’ म्हणतात. कोरडी वाकळ उचलते कुणीही. भिजली की तिचं दगडासारखं ओझं होतं. तुडवून, धोपटून झाली की एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरी उभी राहते आणि दोघी उलट्या दिशांनी पिळतात. भांडण झालेल्या शेजारणी दसऱ्याला बोलू लागत, यामागे सणापेक्षा ओल्या वाकळेचा वाटा मोठा असावा, असं मला आपलं वाटतं.

गोधडी फार पुरातन म्हणून तिच्यावर धूप ओवाळायची गरज नाही. आत घालायला जुनं कापड हवं, तर आधी कापड मुबलक हवं. हातमागाचं लुगडं महाग, ते अंगावरच झिजायचं. कावसजी दावर यांनी 1854 साली मुंबईत कापड गिरणी काढायला घेतली. पुढच्या काही दशकांत गिरण्या वाढल्या आणि गिरणीचं स्वस्त कापड खेड्यापर्यंत गेलं. घरटी चार-पाच गोधड्या हे दृश्य त्यानंतरच सर्रास झालं असावं, असा माझा तर्क. अमेरिकेतही असंच दिसतं. तिथल्या सुरुवातीच्या वसाहतींत गरीब बायका चिंध्या जोडून क्विल्ट करायच्या, ही समजूत तिथल्या अभ्यासकांनीच खोडून काढली आहे. क्विल्ट आधी श्रीमंतांघरची वस्तू होती. एकोणिसाव्या शतकात गिरणीचं छापील सुती कापड स्वस्त झाल्यावर ती शेतकरणीच्या हाती आली. तिथली रीतही ओळखीची वाटते. वरचा जोडकामाचा थर एकटीनं करायचा, चौकटीवर ताणून शिवायला शेजारणींना बोलवायचं आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवायला घालायचं. या जमण्याला ते ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात. 1966 साली अलाबामातल्या कृष्णवर्णीय बायकांनी याच नावाची सहकारी संस्था काढली, ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या घरांची रोजीरोटी तुटली होती, तिला आधार म्हणून क्विल्ट विकायला सुरुवात झाली. चौघींच्या बैठकीतून काय काय उभं राहू शकतं, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

आपल्याकडची बैठक मोडली ती कापडामुळे. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्या विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि थर एकमेकांवरून घसरतात म्हणून हातशिवणीला दाद देत नाहीत. त्यांची गोधडी मशीनवर होते, मशीनवर एकच जण बसते. दरम्यान सोलापुरी चादरी, गाद्या आणि ब्लँकेटं आली, आणि गोधडी ही गरिबीची खूण ठरली. माझ्या लहानपणी पाहुणे यायचे म्हटलं की आई वाकळा माळ्यावर टाकायची. आता त्याच वाकळेची छोटी आवृत्ती प्रदर्शनात हजारो रुपयांना मिळते. घेणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. हातशिवणीचे दिवस मोजले तर किंमत कमीच आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांत गोधड्यांच्या टेबलाशेजारी कुरडया-पापडांचं टेबल दिसतं, तेव्हा आयोजकांनी विचार करून मांडलं असेल-नसेल, पण जोडी जुनीच आहे.

खाणं आणि गोधडी यांची सगळ्यात जवळची गाठ मला आढळली ती महाराष्ट्राबाहेर, उत्तर कन्नड जिल्ह्यात. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. त्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून निसटून ते या जंगलांत आले. भाषा कोकणीच्या वळणाची. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तीही जुन्या कपड्यांची, तीही कडेकडून आत शिवत नेतात. चारी कोपऱ्यांना कापडाच्या तिकोनी घड्या लावतात, त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी समजली जाते. आणि शिवण मध्यावर आली की शेवटची जागा बंद करण्याआधी आत तांदळाचे दाणे टाकतात. म्हणजे कवंदीचं पोट भरतात, तिची ओटी भरतात.

आमच्याकडे असं काही करत नसत. आजी गेल्यावर चार वर्षांनी तिची एक वाकळ कडेला फाटली म्हणून आईनं उसवायला घेतली. वरचं हिरवं लुगडं निघालं, खाली माझ्या काकाचा शाळेचा सदरा, त्याखाली आजोबांचं धोतर. हे धोतर दर उन्हाळ्यात बाजेवर अंथरायचे. मधल्या पदरात ऊन पोचलं नव्हतं, आणि धोतरावर सांडग्यांच्या हळदीचे फिकट पिवळे ठिपके होते, रांगेनं, एकेका बोटाच्या अंतरावर. एका बाजूच्या रांगा तिरक्या होत्या.