डबक्यावरचा तवंग

कोल्हापुरात शाहू स्मारकच्या कलादालनात परवा एका चित्रापुढं जरा जास्तच वेळ रेंगाळलो. हातभर कॅनव्हास, त्यावर उद्यमनगरातल्या वर्कशॉपसमोरचं डबकं. कडेला अर्धा बुडालेला नट आणि पाण्यावर ऑइलचा तवंग. शेजारचा एकजण मित्राला म्हणाला, "ह्यात काय हाय भावा? आमच्या दारात रोज असतंय." चित्रकार आबालाल रहिमान यांनी जिथं रंकाळा तलाव आणि त्यातला संध्यामठ रंगवला, त्या गावात आता डबक्याची पाळी!

मी अडकलो होतो रंगांच्या क्रमात. 'तानापिहिनिपाजा' आपल्याला पाठ असतं, त्यामुळं तवंग म्हटला की हात आपोआप इंद्रधनुष्य काढतो. या चित्रात तसं नव्हतं. काठाला राखी-रुपेरी, मग फिकट पिवळा, मग तांबूस जांभळा, मग निळा, मग हिरवा. अगदी बरोबर. चित्रकार नक्की उकिडवा बसून बघत होता.

ऑइलमध्ये हे रंग नसतातच. प्रकाश तवंगाच्या वरच्या पृष्ठावरून थोडा परततो, थोडा आत शिरून खालच्या पाण्याला टेकून परततो. दुसऱ्याला जाऊन-येऊन जास्त अंतर पडतं. प्रकाश म्हणजे लाट, आणि प्रत्येक रंगाच्या लाटेची लांबी वेगळी. दोन्ही लाटांचे उंचवटे जुळले की तो रंग उजळतो. एकाच्या उंचवट्यावर दुसरीचा खळगा आला की मंदावतो. यात एक मेख आहे. विरळ माध्यमातून घन माध्यमावर आपटून परतणारी लाट उलटी होते. हवेतून ऑइलवर आपटलेली उलटते, ऑइलमधून पाण्यावर आपटलेली नाही, कारण प्रकाशाच्या हिशेबात पाणी ऑइलपेक्षा विरळ. म्हणून जाण्यायेण्याचं अंतर बरोबर एक तरंगलांबी, म्हणजे एका उंचवट्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर, भरलं की तो रंग उजळायच्या ऐवजी गळतो.

आता आकडे. ऑइलचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा, साधारण 1.45 धरू. थर 155 नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर) असेल तर निळा गळतो, उरतो पिवळसर. 190 ला हिरवा गळतो, उरतो तांबूस जांभळा. 225 च्या आसपास तांबडा गळतो आणि निळा दिसतो. म्हणजे हा सगळा वजाबाकीचा खेळ. काठाशी थर 100 नॅनोमीटरच्या आसपास, तिथं सगळे रंग जवळपास सारखेच परततात, म्हणून रुपेरी. ही वजाबाकीही पुरती होत नाही. खालून परतणारी लाट वरचीपेक्षा बरीच दुबळी असते, आणि एकूण परततो तो जेमतेम दोन ते पाच टक्के प्रकाश. म्हणून खाली काळं डांबर लागतं. गढूळ पाण्यावर हे रंग धुऊन निघतात. चित्रकारानं आधी काळा लावून वर पातळ हात मारलाय, तो उगाच नाही.

मग तांबड्या रश्श्यावरच्या तवंगात हे का दिसत नाही? तो फार जाड. एवढ्या जाडीत वर्णपटात जागोजागी रंग गळतात आणि डोळ्याला एकूण पांढराच प्रकाश पोचतो. लाली तेलात उतरलेल्या मिरचीची. उलट डबक्यात ऑइलचा एक थेंब 200 नॅनोमीटरचा थर होऊन पसरला, तर अर्धा मीटर लांब-रुंद चौकोन व्यापतो.

रॉबर्ट हूकनं 1665 मध्ये अभ्रकाच्या पापुद्र्यात असेच रंग नोंदवले. तरंगांचा खुलासा द्यायला थॉमस यंग 1801 मध्ये आला. आज ऑनलाइन 'ऊर्जा देणारे' सप्तरंगी स्फटिक विकतात, ते बहुधा धातूचा पातळ मुलामा दिलेलं क्वार्ट्झ. रंग डबक्याचाच, फक्त किंमत वेगळी. आणि तवंग सुंदर आहे म्हणून ऑइल गटारात ओतायचा परवाना कुणाला मिळत नाही. पाऊस ते जयंती नाल्यातून पंचगंगेलाच नेतो.

बाहेर पडल्यावर राहवेना. उद्यमनगरात गाडी लावली आणि एका डबक्याशी बसलो. डोकं खाली नेत तिरकं बघितलं की निळ्याच्या जागी तांबूस येतो, कारण तिरक्या किरणाला तोच थर पातळ असल्यासारखा लागतो. कॅनव्हासला एवढं मात्र जमत नाही. पुन्हा वाकलो तेवढ्यात गॅरेजमधलं पोरगं पाना घेऊन बाहेर आलं. "काका, किल्ली पडली काय?"