ब्रेकरची खंडनक्षमता

ब्रेकर म्हणजे प्रवाह हाताबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. शॉर्टसर्किटच्या वेळी उसळणारा प्रवाह स्वतः न फुटता तोडण्याची ब्रेकरची कमाल मर्यादा म्हणजे त्याची खंडनक्षमता. ती किलोअँपिअरमध्ये सांगतात, बोलण्यात ‘केए’. ३२ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, ३२ अँपिअर कायम वाहू देतो. त्याच्या तोंडावर चौकटीत छापलेला ६००० किंवा १०००० हा आकडा वेगळा: शॉर्ट झाला त्या क्षणी तो किती अँपिअरपर्यंत तोडू शकेल, हे त्यात असते. दुकानात गिऱ्हाईक ‘किती अँपिअरचा’ एवढेच विचारते आणि चौकटीतला आकडा बहुधा कोणी वाचत नाही.

अँपिअर ठरतात पुढच्या मोटरवरून, केए ठरतात मागच्या ट्रान्सफॉर्मरवरून. हिशोब साधा आहे. ट्रान्सफॉर्मरचा पूर्णभार प्रवाह काढायचा आणि त्याला पाटीवरच्या टक्केवारी इंपीडन्सने, म्हणजे ट्रान्सफॉर्मर प्रवाहाला करतो त्या विरोधाने, भागायचे. ४३३ व्होल्टच्या बाजूला १०० केव्हीएच्या डीपीचा, म्हणजे गावातल्या वितरण ट्रान्सफॉर्मरचा, पूर्णभार प्रवाह १३३ अँपिअर, इंपीडन्स ४.५ टक्के धरला तर तिच्या बुशिंगपाशी, म्हणजे तारा जोडतात त्या टोकांपाशी, दोषप्रवाह (शॉर्टच्या वेळचा प्रवाह) सुमारे ३ केए. ३१५ केव्हीएला तो ९.३ केए, ६३० केव्हीएला १८.७ केए. भुसावळ परिसरात काहींना वाटते, दीपनगरचे औष्णिक केंद्र जवळ असल्याने आपल्याकडे शॉर्टसर्किट जबर होते. ४३३ व्होल्टच्या बाजूला तसे फारसे होत नाही. हा हिशोब करताना दीपनगर अगदी दाराशी आहे असेच धरलेले असते. प्रवाहाला लगाम घालतो तो ट्रान्सफॉर्मरच.

खानदेशातल्या जिनिंगमध्ये खरी चूक इथेच होते. ३१५ केव्हीएवर चालणाऱ्या जिनिंगमध्ये १० केएचे ब्रेकर बसवले, तेव्हा ते जेमतेम का होईना पुरत होते. पुढे जिन (सरकी काढणारी यंत्रे) वाढले, गाठी बांधणारी प्रेस आली, ट्रान्सफॉर्मर ६३० केव्हीएचा झाला. ब्रेकरचे पॅनल तेच राहिले, कारण त्यातून निघणाऱ्या जुन्या फीडरवरचा (वाहिनीवरचा) भार तेवढाच होता. त्या पॅनलमधला एकही ब्रेकर आता पुरेसा नाही, आणि रोजच्या चालण्यात ते कधीच कळत नाही. दोन ट्रान्सफॉर्मर समांतर जोडले तरी हेच घडते. शिवाय चालू मोटरी शॉर्टसर्किटच्या पहिल्या एक-दोन आवर्तनांत उलट प्रवाह पाठवतात, साधारण आपल्या पूर्णभाराच्या चार ते सहा पट. हंगामात सगळे जिन एकदम चालू असतात, तेव्हा ही भर दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

ब्रेकरचे संपर्क उघडतात तेव्हा त्यांच्यात ठिणगीचा कमानीसारखा पट्टा, म्हणजे आर्क, पेटतो. प्रवाहाचेच चुंबकीय बल त्याला आर्क च्यूट नावाच्या कप्प्यात ढकलते. तिथल्या पोलादी पट्ट्या त्याचे तुकडे करून त्याला थंड करतात आणि प्रवाह शून्यावर येताच तो विझतो. प्रवाह मर्यादेपलीकडचा असेल तर आर्क विझत नाही. कवच फुटते, संपर्क एकमेकांना वितळून चिकटतात किंवा तापलेला वायू बाहेर झेपावतो. हवेत रुईचे तूस उडत असलेल्या ठिकाणी पुढे काय होईल, ते जिनिंगवाल्याला सांगायला नको.

पॅनललाही स्वतःची सोसण्याची मर्यादा असते. बसबारवर, म्हणजे पॅनलमधल्या प्रवाह वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, येणारे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट, तर बल चौपट. म्हणून पॅनलच्या पाटीवर ‘५० केए, १ सेकंद’ असा मजकूर असतो. पट्ट्यांना आधार देणारे इन्सुलेटर दूरदूर लावून पैसे वाचवलेले पॅनल बाहेरून सारखेच दिसते. चांगले ब्रेकर घालून ते सुधारत नाही.

मोठ्या एमसीसीबीवर (एमसीबीच्या थोरल्या भावावर) दोन आकडे असतात. आयसीयू ही अंतिम क्षमता: एवढा प्रवाह तो तोडेल, पण त्यानंतर तो पूर्वीसारखा काम देईल याची हमी नाही. आयसीएस म्हणजे तोडल्यानंतरही सेवेत राहण्याची क्षमता. ती आयसीयूच्या टक्केवारीत देतात. मोठ्या शॉर्टनंतर ‘ट्रिप झाला होता, वर केला’ असे सांगून वायरमन निघून जातो, तेव्हा हा दुसरा आकडा पाहिलेला बरा.

कमी क्षमतेच्या ब्रेकरमागे एचआरसी, म्हणजे मोठ्या खंडनक्षमतेचा, फ्यूज लावणे हा स्वस्त उपाय. ८० केएपर्यंत क्षमता असलेले फ्यूज बाजारात सहज मिळतात. मात्र ब्रेकर आणि फ्यूजची कोणती जोडी चालते, ते उत्पादकाच्या तक्त्यावरून ठरते, अंदाजाने नाही.

रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यांत प्रश्न उलटा असतो. डीपीपासून ३०० मीटरवर, १६ चौरस मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम केबलच्या टोकाला, दोन फेजमधला दोषप्रवाह ३८० अँपिअरच्या आसपास येतो. तिथे ६ केएचाही एमसीबी गरजेपेक्षा कितीतरी भक्कम. अडचण अशी, की सी वर्गाचा ३२ अँपिअरचा एमसीबी क्षणात पडायला ३२० अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो, म्हणजे उरलेली फट फार अरुंद. मोटरच्या बॉडीला करंट आला तर ती फटही उरत नाही. अर्थिंगचा रोध १० ओहम असेल तर जमिनीत जेमतेम २४ अँपिअर जातात आणि एमसीबी ढिम्म हलत नाही. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली, की हा रोध आणखी चढतो. अशा जागी जमिनीत गळणारा थोडासा प्रवाहही ओळखून पडणारा ईएलसीबी किंवा आरसीसीबी हवाच; केए कितीही वाढवून उपयोग नाही. डीपीच्या फ्यूजमध्ये जाड तार पिळून बसवली असेल, तर मागचा शेवटचा आधारही गेलेला असतो.

सौर कृषिपंपाच्या सौर पॅनलकडील बाजूला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, प्रवाह असतो. तो शून्यावर येतच नाही, त्यामुळे एसीचा १० केएचा एमसीबी तिथे बसवला तर आर्क पेटलेलाच राहू शकतो. तिथे डीसीसाठी बनवलेला आणि त्या व्होल्टेजचा ब्रेकरच लागतो. सौर पॅनलचा शॉर्टसर्किट प्रवाह नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडाच जास्त असल्याने शॉर्ट झाला तरी तो ब्रेकर बहुधा आपोआप पडत नाही. हाताने बंद करायला मात्र तोच कामी येतो.