अमेरिकेच्या दक्षिणेतल्या छोट्या गावी फुलं पाठवताना : ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडच्या ऑर्डरी बहुतेक आईवडिलांच्या असतात. मुलगी मिसिसिपीत स्टार्कव्हिलला एमएस करते आहे, मुलगा अलाबामात ऑबर्नला, पुतण्या साउथ कॅरोलायनात क्लेमसनला पीएचडीला. विद्यापीठाच्या आधाराने वाढलेली ही गावं. स्टार्कव्हिलची वस्ती जेमतेम २४ हजारांच्या घरात. कधी वाढदिवस असतो, कधी पदवीदान, कधी मुलाच्या घरमालकीणबाईंचं ऑपरेशन झालेलं असतं, तर कधी कोणी गेलेलं असतं. अशा वेळी इथून फुलं पाठवायची म्हणजे नेमकं काय होतं, आणि ऑर्डर देताना तुम्ही आम्हाला काय सांगायला हवं, ते इथे लिहिलं आहे.

फुलं इथून जात नाहीत

दिवाळी आली की हा प्रश्न हमखास येतो, म्हणून तो आधी. झेंडूचा किंवा मोगऱ्याचा हार आम्ही कुरिअरने पाठवत नाही. अमेरिकेत शिरणारी ताजी फुलं-पानं तिथले कृषी निरीक्षक तपासतात आणि आवश्यक ते कागद नसतील तर अडवतात. शिवाय इतक्या प्रवासात हार सुकून जाईल तो वेगळाच. आम्ही त्या गावातल्याच फुलांच्या दुकानाला फोन लावतो आणि तिथे ऑर्डर लिहून देतो. त्या दुकानातला गुलाबही बहुधा तिथला नसतो. अमेरिकेत विकले जाणारे बरेचसे गुलाब आणि कार्नेशन कोलंबिया आणि इक्वेडोरमधून विमानाने मायामीला उतरतात आणि तिथून थंड ट्रकमधून गावोगाव जातात.

दूरच्या गावी फुलं पाठवण्याची ही पद्धत जुनी आहे. १९१० मध्ये अमेरिकेतल्या काही फूलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने एकमेकांना ऑर्डरी कळवायला सुरुवात केली. आज हे काम मोठ्या वेबसाइट करतात. त्यांपैकी अनेक जणी पैसे घेतात, त्यातला आपला वाटा कापतात आणि उरलेल्या रकमेची ऑर्डर गावातल्या दुकानाकडे ढकलतात. दुकानदार बिचारा उरलेल्या पैशांत बसेल तेवढा गुच्छ बांधतो आणि ग्राहकाला वाटतं की त्यानेच फसवलं. आम्ही मधली साखळी ठेवत नाही. दुकानाचं बिल जसंच्या तसं तुम्हाला पाठवतो. त्यात फुलांची किंमत, तिथला विक्रीकर आणि पोचवण्याचा खर्च वेगवेगळा दिसतो. आमचा आकार त्याखाली स्वतंत्र लिहिलेला असतो.

फोटोतलंच हवं, असा आग्रह धरू नका

ग्राहकांशी आमची सर्वांत जास्त चर्चा याच मुद्द्यावर होते. इंटरनेटवरचा एखादा फोटो पाठवून 'हुबेहूब असाच' म्हणून मागणी येते. मोठ्या शहरात ते जमेलही. छोट्या गावातल्या दुकानात आठवड्यातून ठरावीक वारी माल उतरतो. फोटोतली जांभळी ऑर्किड त्या दिवशी नसली तर दुकानदार तिच्या जवळपासचं काहीतरी शोधत बसतो आणि गुच्छ ओढूनताणून केल्यासारखा दिसतो. त्याऐवजी आम्हाला रंग सांगा, खर्चाची मर्यादा सांगा, आणि मुख्य म्हणजे फुलं कोणाला आणि कशासाठी जाणार ते सांगा. बाकीचं त्या दुकानदारावर सोडा. त्याच्याकडे त्या दिवशी जे सर्वांत ताजं असेल ते तो घालतो, आणि अशी फुलं दोन-चार दिवस जास्त टिकतात.

मॅग्नोलियाबद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो. हे मिसिसिपीचं राज्यपुष्प, पांढरंशुभ्र, ओंजळीएवढं. पुष्कळांना तेच पाठवावंसं वाटतं. पण त्याच्या पाकळीला बोट लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो आणि तोडलेलं फूल फार तग धरत नाही, म्हणून ते गुच्छात येत नाही. त्याची पानं मात्र वरून चकचकीत हिरवी, खालून गंजाच्या रंगाची असतात. नाताळच्या सुमारास दारावर लावायच्या पानांच्या गोल चक्रांत (रीथमध्ये) ती सर्रास वापरतात. थंडीत कोणाला काही पाठवायचं असेल तर आम्ही हे चक्र आवर्जून सुचवतो.

दिवाळीसाठी झेंडू मिळण्याची खात्री नसते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे शेवंतीचा हंगाम असतो. पिवळ्या-केशरी शेवंतीच्या कुंड्या त्या दिवसांत घरोघरच्या ओसरीवर दिसतात. अशी एक कुंडी मुलांच्या दाराशी पोचली की सण आल्यासारखा वाटतो, आणि कुंडी गुच्छापेक्षा कितीतरी जास्त दिवस राहते.

कोणी गेलं असेल तर

या ऑर्डरी घाईत आणि जड मनाने येतात, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे अशा वेळी माणसं भेटायला जातात. गुच्छ घेऊन कोणी जात नाही. दक्षिणेतल्या गावांत फुलं पाठवणं हीच भेटायला जाण्याची एक रीत आहे. मुलीला परक्या गावात माया लावणाऱ्या शेजारीणबाई गेल्या, प्राध्यापकांचे वडील गेले, तर इथून पाठवलेली फुलं तिथे कोणाला खटकणार नाहीत. लांबून कोणीतरी आठवण ठेवली, याचं त्या घराला खरंच समाधान वाटतं.

फुलं घरी नाही, फ्युनरल होमला, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करणाऱ्या ठिकाणी, जातात. अंत्यविधीच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच दिवशी थोडं आधी 'व्हिजिटेशन' असतं. त्या वेळी लोक येऊन कुटुंबाला भेटतात, आणि आलेली फुलं तिथे मांडलेली असतात. त्यानंतर चर्चमध्ये प्रार्थना आणि मग दफन. फुलं व्हिजिटेशन सुरू होण्याआधी पोचली पाहिजेत. आम्हाला गेलेल्या व्यक्तीचं पूर्ण नाव, फ्युनरल होमचं नाव आणि विधीची तारीख हवी. हे सगळं त्या गावातल्या निधनवार्तेत, म्हणजे ओबिच्युअरीत, सापडतं. तुमच्याकडे नुसतं नाव आणि गाव असेल तरी चालेल, ती वार्ता आम्ही शोधतो. 'फुलांऐवजी अमुक संस्थेला देणगी द्यावी' असं तिच्यात लिहिलेलं असेल तर आम्ही ऑर्डर घेत नाही. कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे ती देणगी कशी द्यायची ते सांगतो.

शवपेटीवरची फुलं घरच्या माणसांनीच द्यायची असतात, ती मागू नका. बाहेरच्यांनी तिपाईवर उभी करायची मोठी रचना द्यावी किंवा पीस लिलीची कुंडी. आमचं मत कुंडीच्या बाजूने आहे. रचना कबरीपाशी राहते आणि दोन दिवसांत कोमेजते. कुंडी घरच्यांबरोबर घरी जाते. खिडकीत ठेवली, वेळेवर पाणी घातलं, तर ती वर्षानुवर्षं जगते, आणि कोणी दिली होती ते घरातल्यांच्या लक्षात राहतं.

मृतांना फुलं वाहण्याला तिकडे किती महत्त्व आहे ते कळण्यासाठी एक घटना. स्टार्कव्हिलपासून चाळीसेक किलोमीटरवर कोलंबस नावाचं गाव आहे. अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध संपून वर्ष झालं होतं. २५ एप्रिल १८६६ रोजी तिथल्या बायका गावच्या फ्रेंडशिप सिमेट्रीत फुलं घेऊन गेल्या आणि दक्षिणेच्या सैनिकांबरोबर तिथेच पुरलेल्या उत्तरेच्या सैनिकांच्या कबरींवरही त्यांनी फुलं वाहिली. ज्यांनी आपली माणसं मारली त्या बाजूच्या मुलांना! दक्षिणेत अजूनही पुष्कळ खेड्यांत उन्हाळ्याच्या तोंडावर एक रविवार ठरलेला असतो. त्या दिवशी कुटुंबं आपापल्या दफनभूमीत जाऊन कबरी साफ करतात आणि फुलं ठेवतात.

मे महिना

मेचा दुसरा रविवार म्हणजे मदर्स डे. १९१४ पासून तो तिथे सरकारमान्य आहे. १४ फेब्रुवारीइतकीच तेव्हाही फूलवाल्यांकडे झुंबड असते, आणि विद्यापीठांची पदवीदानंही त्याच सुमारास येतात. या दोन्हींसाठी ऑर्डर निदान दहा दिवस आधी द्या. दक्षिणेतल्या बऱ्याच चर्चमध्ये त्या रविवारी आई हयात असेल तर लाल फूल आणि नसेल तर पांढरं फूल कपड्यांना लावून जाण्याची चाल आहे. म्हणून मदर्स डेला कोणा स्थानिक बाईंना नुसती पांढरी कार्नेशन पाठवू नका, रंगीत घ्या.

पत्ता आणि वेळ

घर क्रमांक, रस्ता, अपार्टमेंट क्रमांक आणि पाच अंकी झिप कोड एवढं हवंच. पोस्टाच्या पेटीचा पत्ता दिलात तर फुलं पोचत नाहीत, कारण ती पोस्टमन नेत नाही, दुकानातला माणूस गाडीने नेतो. घेणाऱ्याचा तिथला फोन क्रमांकही द्या. मुलं अनोळखी नंबर उचलत नाहीत, हे आता आम्हाला पाठ झालं आहे. तेव्हा 'आज दुपारी एक फोन येईल, उचल' एवढंच त्याला सांगून ठेवा. फुलांचं गुपित फुटत नाही. जून ते सप्टेंबर तिकडे ऊन आणि दमट हवा इतकी असते की बंद दाराबाहेर ठेवलेला गुच्छ तासाभरात मान टाकतो. घरी कोणी नसेल तर शेजारी किंवा अपार्टमेंटच्या ऑफिसात ठेवायला सांगू का, ते आम्हाला आधीच कळवा.

आपल्याकडे रात्रीचे ८ वाजतात तेव्हा स्टार्कव्हिल आणि ऑबर्नला सकाळचे साडेनऊ, क्लेमसनला साडेदहा. नोव्हेंबर ते मार्च हिवाळी वेळ असते, तेव्हा एक तास वजा करा. म्हणून त्याच दिवशी पोचवायची ऑर्डर आम्हाला संध्याकाळी ७ पर्यंत मिळायला हवी. रविवारी ही दुकानं बंद असतात, वाढदिवस रविवारी आला तर फुलं शनिवारीच जातील. पण त्या शनिवारी विद्यापीठाच्या मैदानावर फुटबॉलचा सामना असेल तर शुक्रवार धरा. स्टार्कव्हिलला त्या दिवशी हातात गाईच्या घंटा वाजवत अख्खं गाव स्टेडियमकडे निघतं आणि गाडी पुढे सरकत नाही.

कार्डावरचा मजकूर

दुकानातल्या छपाईयंत्रावर देवनागरी उमटत नाही. मराठी मजकूर आम्ही रोमन अक्षरांत लिहून देतो आणि फोनवर एकेक अक्षर वाचून खात्री करतो. दोन-तीन ओळींपेक्षा जास्त नको. तिथल्या वयस्कर बाईंना पाठवत असाल तर मुलं त्यांना कशी हाक मारतात ते विचारून घ्या. बहुतेकदा 'मिस' आणि पुढे पहिलं नाव असतं, लग्न झालेलं असलं तरी. कार्डावर तेच शोभतं.

फुलं दवाखान्यात जाणार असतील तर वॉर्ड कोणता ते कळवा, अतिदक्षता विभागात ती घेत नाहीत. आणि ज्या घरी मांजर आहे तिथे गुच्छातली लिली पाठवू नका (वर सांगितलेली पीस लिली हे वेगळं झाड). लिलीचे परागसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. मांजर आहे की नाही ते माहीत नसेल तर आम्ही दुकानदाराला लिली वगळायलाच सांगतो.

गुच्छ निघण्याआधी दुकानदार त्याचा फोटो काढतो, तो आम्ही तुम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवतो. पोचलेली फुलं कोमेजलेली किंवा मोडलेली असतील तर घेणाऱ्याला त्याच दिवशी फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा आणि तो आमच्याकडे द्या. दुसऱ्या दिवशी नवी फुलं जातात, त्याचे पैसे आम्ही घेत नाही.