आवाजाच्या वीतभर पुढे

नाशिकजवळ ओझरला मामांच्या गच्चीवर पाहुणा आला की एक खेळ ठरलेला. सुखोई या लढाऊ विमानाची घरघर सुरू होते, पाहुणा मान वर करून आवाज येतो तिकडे बघतो आणि तिकडे काहीच नसतं. निळं आभाळ, फार तर एखादी घार. मामा खुर्चीतून न उठता म्हणतात, "पुढे बघा, पुढे. वीतभर पुढे."

मामा 'मिगमध्ये' होते. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा इथला कारखाना १९६४ साली मिग-२१ ही लढाऊ विमानं बांधण्यासाठी उभा राहिला, तेव्हापासून गावाच्या नावालाच 'ओझर मिग' अशी जोड लागली. 'मिगमध्ये आहे' म्हटलं की नाशिककराला कळतं, हा वैमानिक नव्हे, कामगार. मामा फिटर होते. माझं सातपूरला लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप. त्यामुळे लढाया, स्क्वाड्रन, क्षेपणास्त्रांचे पल्ले हे आमच्या घरात फारसं कुणी बोलत नाही. विमान म्हणजे पुष्कळ सुटे भाग, आणि प्रत्येक भाग असाच का, ही आमची चर्चा.

मामांच्या वितीचंच बघा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान तुमच्यापासून १,७०० मीटरवरून आडवं जात असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला ५ सेकंद लागतात. ताशी ४५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १२५ मीटर वेगाने ते तेवढ्यात ६२५ मीटर पुढे सरकलेलं असतं. आता हात पूर्ण ताणून वीत पसरा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत डोळ्यापाशी होणारा कोन सुमारे २० अंशांचा असतो आणि हे अंतर जवळपास तेवढ्यातच बसतं. गंमत पुढे आहे. विमान दुप्पट लांब असेल तर आवाजाला वेळ दुप्पट लागतो आणि विमानही दुप्पट पुढे जातं, म्हणजे कोन तोच राहतो. वीत अंतर मोजत नाही, वेग मोजते. एक वीत म्हणजे साडेचारशेच्या आसपास, दोन विती म्हणजे ताशी हजारच्या घरात. अट एवढीच की विमानाच्या वाटेवरची जी जागा आपल्याला सगळ्यात जवळ, तिथून आवाज आल्यासारखा वाटेल त्या क्षणी मोजायचं. रडार नको, काही नको.

हा हिशेब जरासा कच्चा आहे, कारण थंड हवेत आवाज हळू चालतो. ओझर निफाड तालुक्यात, आणि निफाडची थंडी काय असते ते द्राक्षवाल्यांना विचारा. जानेवारीत पहाटे ५ अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३३४ मीटर, तर मे महिन्यात ४० अंशांना ३५५ मीटर. पण आपल्या वितीच एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा एवढ्या फरकाचं मनावर घेऊ नये.

विमानं बघायच्या जागा दोन, आकाश आणि संग्रहालय. बहुतेक लोक आधी हवाई कसरतींना जातात आणि संग्रहालयाला 'वेळ मिळाला तर'. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आकाशातलं विमान काही सेकंद दिसतं. तेवढ्यात काय बघायचं हे आधी ठाऊक नसेल तर हाती लागते ती फक्त मोबाइलमधली हलणारी ठिपकी.

दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात मामांना घेऊन गेलो होतो. मिग-२१ पाशी आल्यावर ते मागे सरून फोटोला उभे राहतील असं मला वाटलं, तर ते वाकून, मान तिरपी करून पत्र्याच्या रेषेत बघायला लागले. उजेड तिरपा पडला की रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, ओळी दिसतात. डोकी पत्र्याच्या पातळीत, एकही वर आलेलं नाही. "नख अडकलं तर काम परत," मामा म्हणाले. कारण असं की अंगालगत वाहणारी हवा पत्र्याला चिकटून हळू चालते. त्या पातळ थरात बारीकसा उंचवटा आला तरी प्रवाह खवळतो आणि विमानाला मागे ओढणारा रोध वाढतो. म्हणून भोकाला बशीसारखी खाच पाडून रिव्हेटचं डोकं तिच्यात बसवायचं. बाहेरून एकजण रिव्हेट गन धरणार, आतून दुसरा डॉली, म्हणजे जड लोखंडी ठोकळा, टेकवणार, मध्ये पत्रा, त्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. आवाज बदलला की रिव्हेट बसला. मामांचा एक कान त्याच कामात गेला.

विमानांच्या कारखान्यात काही जातीचे रिव्हेट चक्क फ्रीझरमध्ये ठेवतात. ते मिश्रधातू गरम करून एकदम निववले की थोडा वेळ मऊ राहतात आणि मग साध्या हवेत आपोआप कडक होत जातात. थंडीत हे कडक होणं लांबतं. बाहेर काढले की ठरलेल्या वेळात ठोकायचे, नाहीतर पुन्हा भट्टीत. हे मला आइस्क्रीमवाल्याच्या धंद्यासारखं वाटतं.

मिगच्या नाकातला सुळकाही निवांत बघण्यासारखा. तो शोभेचा नाही. आत रडार असतं, पण त्याहून मोठं काम हवेचं. इंजिनात हवा दाबणाऱ्या कंप्रेसरला आवाजापेक्षा जास्त वेगाने घुसणारी हवा चालत नाही, त्याआधी तिचा वेग उतरवावा लागतो. एकाच धक्क्यात उतरवला तर दाबाच्या रूपाने मिळणारी बरीच शक्ती वाया जाते. कसारा घाट उतरताना शहाणा ड्रायव्हर एकदम ब्रेकवर उभा राहत नाही, गिअर उतरवत येतो, तसं. सुळक्याच्या टोकापासून तिरपा आघाततरंग, म्हणजे दाबाची धारदार लाट, निघतो, तिथे हवा थोडी मंदावते, मग तोंडाशी दुसऱ्या, सौम्य धक्क्याने आवाजाच्या खाली येते. वेग बदलला की तरंगाचा कोन बदलतो, म्हणून सुळका पुढेमागे सरकतो. उभ्या विमानात तो मुकाट बसलेला असतो आणि लोक त्याला टोपण समजतात.

गोव्याला सुट्टीवर जाणाऱ्या नाशिककरांनी अर्धा दिवस तरी दाबोळीजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयाला द्यावा. तिथे सी हॅरियर हे लढाऊ विमान आहे. एकाच पेगासस इंजिनाला चार तोंडं, दोन्ही बाजूंना दोन-दोन. ती खाली वळवली की विमान जागच्या जागी उभं उचललं जातं. पुढच्या दोन तोंडांतून पंख्याची तुलनेने गार हवा बाहेर पडते आणि मागच्या दोनांतून जळालेला तप्त वायू. पण मला जास्त आवडतात ती नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांवरची छोटी झडपं. विमान हवेत स्थिर असतं तेव्हा पंखांवरून वारा वाहत नाही, मग सुकाणू आणि पंखांवरच्या हलत्या फळ्या निकामी. तोल सांभाळायला इंजिनातलीच दाबाची हवा या झडपांतून फुंकायची. शिवाय इंजिनातले दोन फिरते संच उलटसुलट दिशांना फिरवले आहेत, नाहीतर भोवऱ्यासारख्या त्यांच्या हट्टाने हवेत स्थिर विमानाला वळू दिलं नसतं. आतला हा भाग उभ्या विमानात दिसत नाही, पण झडपा दिसतात, आणि एकदा बघितल्या की विसरत नाहीत.

एवढी तयारी करून मी बंगळुरूजवळच्या येलहंकाला एरो इंडियाला गेलो. १९९६ पासून दर दोन वर्षांनी भरणारा हा विमानांचा मेळा म्हणजे धूळ, ऊन आणि पाण्याच्या बाटलीसाठी लांब रांग. पण हवाई दलाच्या 'सूर्यकिरण' या कसरती पथकाची नऊ हॉक विमानं वर आली की सगळं माफ. त्यांचा रंगीत धूर हा खरं तर धूर नव्हे. इंजिनाच्या तप्त झोतात तेल सोडतात, त्याची वाफ होते आणि बाहेरच्या हवेत गार होऊन तिचे बारीक थेंब होतात, म्हणजे ते एक प्रकारचं धुकंच. रंग मिसळलेला असतो. टाळ्या वाजवून लोक पुढच्या विमानाकडे बघतात, तेव्हा मी मागे राहिलेला पट्टा बघत बसतो. थोड्या वेळाने त्याच्या कडा पिळवटतात. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वर उसळते आणि तिथे भोवरे तयार होतात, ते एरवी दिसत नाहीत, इथे रंगतात. मागचं विमान पुढच्याच्या थोडं खालून का उडतं, हेही तिथेच कळतं.

मग वळणं. विमान उंची न बदलता वळत असेल तर पंख किती कलले यावरून वैमानिकाच्या अंगावरचा भार सांगता येतो. कंपासपेटीतल्या गुण्याचा ६० अंशांचा कोन आठवा. तेवढा कल म्हणजे वजन दुप्पट. ७५ अंशांना जवळपास चौपट, म्हणजे ७० किलोचा माणूस २७० किलोचा. हवा दमट असेल तर अशा वळणात पंखांवर पांढरा कापूस उमटतो. पंखावरचा दाब उतरला की हवा गार होते आणि तिच्यातली वाफ क्षणभर ढग बनते. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये हे दिसणं अवघड, पावसाळ्यात ढगांत फट पडली तर डोळे उघडे ठेवा.

सुखोई-३० एमकेआयच्या इंजिनाची झोत सोडणारी तोटी १५ अंशांपर्यंत वळते. ओझरलाच जुळणी झालेलं हे जवळपास २२ मीटर लांबीचं धूड आकाशात नाक वर करून उभं राहतं तेव्हा पंख जवळजवळ रिकामे असतात. त्याला तोलतो तो झोत. मला हॅरियरच्या झडपा आठवल्या. युक्ती वेगळी, अडचण तीच.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं. मामांनी टीव्ही बंद केला नाही, बोललेही नाहीत. बरोबर २१ दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए हे लढाऊ विमान उडालं. आम्ही गच्चीवर होतो. मी मामांना सांगत होतो की याच्या पृष्ठभागाचा बहुतेक भाग कार्बन फायबरचा आहे, पत्रा थोडाच. "मग ठोकायचं काय?" ते म्हणाले.

तेवढ्यात त्यांनी हात वर केला. वीत पसरलेली, करंगळी पुढे. मला अजून काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांना तर आता ऐकूच कमी येतं. करंगळीच्या टोकापाशी एक बारीक त्रिकोण सरकत होता, आणि अंगठ्याच्या बाजूने, सावकाश, आवाज यायला लागला.